बसल्या जागी आखलेल्या वाटा

वाट चालून माणूस वाटाड्या होतो, हा फार जुना गैरसमज आहे. वाट चालून माणूस फक्त दमतो. त्याच्या पायांना फोड येतात, तोंडाची चव जाते, आणि पुढं जन्मभर कुणी त्या वाटेचं नाव काढलं की पाणी कुठं नव्हतं, बैल कुठं बसले आणि चाक कुठं मोडलं एवढंच तो सांगत बसतो. असल्या माणसाचं ऐकलं तर कुणी उंबरठाही ओलांडणार नाही. रस्ता आखायला थंड डोकं लागतं, भक्कम टेबल लागतं आणि समोरच्या नकाशावर मुबलक कोरी जागा लागते. १८४० पासून पुढची तीस वर्षं अमेरिकेत या तिन्ही गोष्टींची रेलचेल होती. टेबलं पूर्वेला होती, कोरी जागा पश्चिमेला होती आणि मधे मिसुरी नदी वाहत होती.

त्या नदीकाठाहून ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे गाड्या जुंपून तीन-चार लाख माणसं गेली. दोन हजार मैलांची वाट, दिवसाला पंधरा मैलांची चाल, म्हणजे चार ते सहा महिने. इतिहासानं या चालणाऱ्यांचं कौतुक जरा अतिच केलं आहे. सिनेमात ती गाडीत बसून जातात. प्रत्यक्षात गाडीत सामान बसलेलं असे आणि माणसं धूळ खात बाजूनं चालत. सामान तरी काय? ओतीव लोखंडाच्या चुली, ऐरणी, कपाटं, पेट्या. १८४९ च्या उन्हाळ्यात फोर्ट लॅरामीच्या आसपास हे सगळं वाटेच्या कडेला फेकलेलं पडलं होतं, शेजारी खारवलेल्या डुकराच्या मांसाचे ढीग रचलेले. चूल टाकून दिल्यावर बायकांनी बायसनचं वाळकं शेण ओच्यात गोळा करून त्यावर स्वयंपाक केला. गोवऱ्यांच्या आचेवरची भाकरी आपल्याला नवी नाही. त्यांना ती विद्या ओहायो सोडल्यावर घ्यावी लागली.

बंदुका मात्र सहसा कुणी टाकल्या नाहीत. तिथल्या मूळच्या इंडियन लोकांच्या भीतीनं प्रत्येकानं एक-दोन घेतल्याच होत्या. जॉन अनरू या इतिहासकारानं पुढं हिशेब मांडला, तो असा: १८४० ते १८६० या वीस वर्षांत इंडियनांच्या हातून ३६२ प्रवासी मेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ इंडियन. बाकी हजारो माणसं पटकीनं गेली, नद्या ओलांडताना बुडाली, चाकाखाली आली. काही जण भरलेली बंदूक नळीला धरून गाडीतून ओढताना गेले. बंदुकीनं आपलं काम केलं, एवढंच. समोर कोण आहे हे बघायचं काम तिचं नव्हे.

पण हे सगळे पायी जाणारे. माझा आदर आहे तो न जाणाऱ्यांवर. त्यांनी जी पश्चिम घडवली, तिची नीट दखल कुणी घेतलेली नाही.

अ‍ॅरन ब्राउन यांच्यापासून सुरुवात करू. हे टेनेसीचे गृहस्थ १८५७ मध्ये अमेरिकेचे पोस्टमास्टर जनरल होते. मिसिसिपी नदीवरून सॅन फ्रान्सिस्कोला आठवड्यातून दोनदा, पंचवीस दिवसांत, गाडीनं टपाल न्यायचं असं काँग्रेसनं ठरवलं आणि मार्ग ठेकेदारानं निवडावा अशी मुभा दिली. ठेका जॉन बटरफील्ड यांच्या मंडळींना मिळाला, वर्षाला ६ लाख डॉलर. मार्गाची निवड त्यांनी अगदी मोकळेपणानं केली, म्हणजे ब्राउनसाहेबांनी नकाशावर बोट फिरवलं तिथून. सरळ पश्चिमेला, सॉल्ट लेकवरून जाणारी वाट कितीतरी जवळची होती. ब्राउनसाहेब पडले दक्षिणेतले. त्यामुळे टपाल सेंट लुईसहून आधी खाली आर्कान्सात उतरलं, तिथं फोर्ट स्मिथला मेम्फिसची शाखा येऊन मिळाली (मेम्फिस टेनेसीत आहे, हा योगायोग), मग टेक्सास, एल पासो, टूसॉन, फोर्ट यूमा, लॉस एंजेलिस असा फेरा घेऊन पुन्हा वर सॅन फ्रान्सिस्कोला. एकूण २,८०० मैल. नाकाला हात लावायचा असेल तर तो मानेमागून आणावा, या आपल्या द्राविडी प्राणायामाला सरकारी अनुदान मिळाल्याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरीकडे सापडत नाही. या मार्गावर बर्फ लागत नाही, हे समर्थन होतं आणि ते खरंच होतं. बर्फ लागत नव्हतं. पाणीही लागत नव्हतं.

सप्टेंबर १८५८ मध्ये पश्चिमेकडे निघालेल्या पहिल्या गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला प्रवासी एकच, वॉटरमन ऑर्म्सबी, न्यूयॉर्क हेरल्डचा तरुण बातमीदार. चोवीस दिवसांत तो पोचला, ठरलेल्या मुदतीच्या आत. गाडी रात्रंदिवस चाले. मुक्काम नाही. जी झोप मिळेल ती बसल्या बसल्या, शेजाऱ्याच्या खांद्यावर किंवा टपालाच्या पोत्यावर. ठाणं आलं की खेचरं बदलेपर्यंत जे पुढ्यात येईल ते गिळायचं: घेवडा, खारं मांस, पाव आणि काळी कॉफी. कंटाळून कुणी मधेच उतरला तर पुढच्या गाडीत जागा मिळेलच असं नाही. कित्येक दिवस त्या ठाण्यावर घेवडा खात बसावं लागे. या सुखाचे दोनशे डॉलर. टपालाच्या तिकिटांतून येणारं उत्पन्न ६ लाखांच्या पासंगालाही पुरत नव्हतं. पण सरकारी कामात जमाखर्च जुळवत बसणं हा कद्रूपणा झाला. खुद्द बटरफील्ड यांना १८६० मध्ये देणेकऱ्यांनी कंपनीतून बाजूला केलं. गाड्या मात्र वेळेवर चालल्या. हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचकाला वाटायचं की मूर्खपणात शिस्त नसते.

बटरफील्डच्या आधी एक वर्ष, १८५७ मध्ये, जेम्स बर्च यांनी सॅन अँटोनिओ ते सॅन डिएगो अशी डाक सुरू केली होती. त्या डाकेच्या जाहिरातीत प्रामाणिकपणाची कमाल आहे. पूर्ण प्रवास सहा खेचरांच्या नव्या कोऱ्या गाडीतून, फक्त फोर्ट यूमा ते सॅन डिएगो हे १८० मैल सोडून. तेवढे खेचराच्या पाठीवर बसून. लोक तिला गाढवडाक म्हणू लागले. लोकांना चांगल्या गोष्टीची कदर नसते. बर्चसाहेब स्वतः त्याच वर्षी कॅलिफोर्नियाहून पूर्वेकडे घरी निघाले तेव्हा खुष्कीची डाक त्यांच्या खिशात होती, आणि ते बोटीनं निघाले. त्यांची 'सेंट्रल अमेरिका' नावाची बोट सप्टेंबरात वादळात बुडाली आणि बर्चही बुडाले. आपल्या गाढवडाकेनं गेले असते तर कदाचित जिवंत पोचले असते. पण ज्यानं डाक काढली त्यानंच तिच्यावर भरवसा ठेवावा ही अपेक्षा चुकीची आहे.

उंटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या प्रकरणात उंट तेवढे शहाणे निघाले आणि शहाणपण हा आपला विषय नाही. जेफरसन डेव्हिस युद्धमंत्री असताना काँग्रेसनं १८५५ मध्ये ३० हजार डॉलर मंजूर केले. भूमध्य समुद्राच्या काठाहून उंट खरेदी झाले. १८५६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर ३४ उतरले, पुढच्या वर्षी आणखी ४१ आले. एडवर्ड बील यांनी त्यांतले पंचवीस घेऊन पश्चिमेचा गाडीरस्ता आखला. उंट दिवसेंदिवस पाण्याशिवाय चालले, खेचर ज्याला तोंड लावत नाही अशी काटेरी झुडपं खाल्ली, पाचशे-सहाशे पौंड ओझं वाहिलं आणि तक्रार केली नाही. इतकं निर्वेध काम सरकारी योजनेला मानवत नाही. त्यांच्या वासानं खेचरं बिथरतात, अशी खेचरवाल्यांची तक्रार आली. मग यादवी युद्ध पेटलं, डेव्हिस दुसऱ्या बाजूचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि उरलेले उंट लिलावात विकले गेले. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली नावाचा उंटवाला तिथंच राहिला. अमेरिकनांनी त्याचा 'हाय जॉली' केला. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझाइट गावात त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट. सगळ्या खटाटोपात कायम टिकलेला उंट तोच.

आता विल्यम रसेल. बसल्या जागेचे हे चक्रवर्ती. रसेल, मेजर्स आणि वॉडेल ही मिसुरीतली मालवाहतुकीची बडी पेढी. लष्कराची रसद पश्चिमेला पोचवायचा ठेका त्यांच्याकडे. १८५७ मध्ये सरकारनं यूटातल्या मॉर्मन पंथीयांवर फौज धाडली. मॉर्मनांनी फौजेला हात न लावता तिच्या रसदीच्या गाड्या जाळल्या. पेढीनं सरकारकडं नुकसानभरपाई मागितली. सरकारनं शांतपणे ऐकून घेतलं. पेढी गळ्यापर्यंत कर्जात गेली.

अशा वेळी किरकोळ माणूस खर्चाला कात्री लावतो. रसेल यांनी जानेवारी १८६० मध्ये वॉशिंग्टनहून कळवलं की येत्या ३ एप्रिलपासून आपण सॅक्रामेंटोपर्यंत घोडेस्वारांची डाक सुरू करतोय, दहा दिवसांत टपाल पोचेल. कॅलिफोर्नियाचे सिनेटर ग्विन यांना त्यांनी तसा शब्द देऊन टाकला होता. मेजर्स यांनी उतारवयात लिहिलेल्या आठवणींत आहे की आम्ही दोघा भागीदारांनी सांगून पाहिलं, यातून खर्चही निघणार नाही. पण शब्द गेला होता. घोड्याच्या डाकेची ही बातमी तारेनं आली, एवढी एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

दोन महिन्यांत सगळं उभं राहिलं, आणि इथं थट्टा बाजूला ठेवून म्हणावं लागतं की ते काम अफाट होतं. सुमारे १,९०० मैलांवर पावणेदोनशे-दोनशे ठाणी, चारशेच्या घरात घोडे. दर दहा-पंधरा मैलांवर नवा घोडा, पाऊणशे-शंभर मैलांवर नवा स्वार. खोगिरावर टाकायचं एक चामडी पांघरूण असे, त्याला मोचिला म्हणत. त्याला चार कोपऱ्यांना चार कातडी पेट्या, त्यांत मिळून वीस पौंड टपाल. स्वार धुरळा उडवत ठाण्यात शिरे, मोचिला एका घोड्यावरून उचलून दुसऱ्यावर टाकी, त्यावरच मांड ठोके आणि निघे. या सगळ्याला दोन मिनिटं. पत्रं पातळ, झिरझिरीत कागदावर लिहिलेली, कारण अर्ध्या औंसाला ५ डॉलर. आईला 'मी खुशाल आहे' कळवायला इतके पैसे कोण घालणार? बँका, वर्तमानपत्रं, सरकारी कचेऱ्या एवढेच गिऱ्हाईक. मेजर्स धार्मिक वृत्तीचे. त्यांनी प्रत्येक स्वाराला बायबलची एक प्रत दिली आणि दारू पिणार नाही, शिव्या देणार नाही, सहकाऱ्यांशी भांडणार नाही अशी शपथ घेतली. नेवाडाच्या वाळवंटात मध्यरात्री एकट्या पोरानं भांडायचं कुणाशी, हा प्रश्न शपथेत नव्हता.

३ एप्रिलला सेंट जोसेफ गावात बँड वाजला, भाषणं झाली, घोडा उभा राहिला. टपालच आलं नाही. पूर्वेकडून ते घेऊन येणाऱ्या माणसाची आगगाडी चुकली होती. मग एक खास इंजिन जीव तोडून पळवलं, आणि देशातली सर्वांत वेगवान डाक दोन-अडीच तास उशिरा निघाली. गर्दीतल्या लोकांनी तोवर आठवण म्हणून घोड्याच्या शेपटीचे केस उपटले होते, असं सांगतात. सार्वजनिक उत्साहाचं पहिलं बिल नेहमी घोड्यालाच येतं.

दहा आठवड्यांनी, १६ जून १८६० ला, पॅसिफिकपर्यंत तार ओढायचा कायदा मंजूर झाला. म्हणजे आपण कधी मरणार हे या डाकेला बाळसं धरायच्या आत कळलं होतं. शहाणा माणूस इथं घोडे विकतो. रसेल यांनी ते केलं नाही. मधल्या काळात नेवाडातल्या एका ठाण्यावरच्या गोऱ्यांनी दोन पायूट इंडियन मुली डांबून ठेवल्या, त्यावरून युद्ध पेटलं. ठाणी जळली, माणसं मेली, काही आठवडे डाक थांबली आणि पाऊण लाख डॉलर आणखी गेले. तरीही रसेल डगमगले नाहीत. त्यांना गृहखात्यात बेली नावाचे एक कारकून भेटले. सरकारनं इंडियन जमातींच्या नावे विश्वस्त म्हणून सांभाळलेले रोखे या बेलींच्या कपाटात असत. त्यांनी टप्प्याटप्प्यानं ८ लाख ७० हजार डॉलरचे रोखे रसेलना काढून दिले, तारण ठेवायला. ज्यांच्या मुलखातून रस्ता काढायचा, त्यांच्याच ठेवींवर कर्ज उचलायचं, यापेक्षा काटकसरीची व्यवस्था मला सुचत नाही. १८६० च्या नाताळच्या आदल्या दिवशी रसेलना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. खटला पुढं कायद्याच्या कलमांत अडकून सुटला. घोडे धावतच होते.

मार्च १८६१ मध्ये लिंकन यांचं अध्यक्षपदाचं पहिलं भाषण या स्वारांनी पावणेआठ दिवसांत पोचवलं. त्याच महिन्यात सॉल्ट लेकवरून जाणाऱ्या मधल्या वाटेच्या टपालाचा वर्षाला १० लाख डॉलरचा ठेका जाहीर झाला. सारा जुगार ज्यासाठी होता तोच हा ठेका. तो प्रतिस्पर्धी कंपनीला मिळाला. रसेल यांच्या कंपनीचं नाव बोटभर लांब होतं. पगार थकलेल्या कामगारांनी त्याच्या आद्याक्षरांतून नवं नाव काढलं, त्याचा मथितार्थ: गल्ला साफ, पगार बेताचा. २४ ऑक्टोबरला सॉल्ट लेक सिटीत दोन्हीकडून आलेल्या तारा जोडल्या. दोन दिवसांत डाक बंद झाल्याची सूचना लागली. अठरा महिने, सुमारे ३५ हजार पत्रं आणि साधारण २ लाख डॉलरचा तोटा.

आणि बघा, तार नफ्यात चालली, तिचे खांब रोवणाऱ्यांचं नाव कुणाला सांगता येतं? पण ही घोड्याची डाक, म्हणजे पोनी एक्सप्रेस, माहीत नाही असा माणूस नाही. बफेलो बिल कोडी या खेळवाल्यानं १८८३ पासून आपल्या खेळात ती दाखवली, गावोगाव, समुद्रापलीकडेसुद्धा. तो स्वतः त्या डाकेत होता की नाही याविषयी इतिहासकार कुरकुरतात; त्यानं कुरकुर केली नाही. म्हातारपणी कफल्लक झालेल्या मेजर्सना त्यानंच शोधून काढलं आणि त्यांच्या आठवणी छापायला पैसे दिले. रसेल आणि वॉडेल १८७२ मध्येच गेले होते. जे अठरा महिने चाललं ते अजरामर, जे चालतच राहिलं ते कुणाच्या लेखी नाही.

याच धंद्यातलं आणखी एक उदाहरण जाता जाता. वेल्स फार्गो कंपनीनं १८६६ मध्ये पश्चिमेच्या जवळपास सगळ्या घोडागाड्यांच्या मार्गांवर ताबा मिळवला. तिकडे रेल्वेचे रूळ दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या दिशेनं येत होते. १८६८ मध्ये कंपनीनं न्यू हॅम्पशरहून तीस नव्या कोऱ्या कॉनकॉर्ड घोडागाड्या मागवल्या. त्या आल्या आगगाडीनं, उघड्या डब्यांत दोरांनी बांधून. १० मे १८६९ ला यूटात रूळ जुळले. कंपनी आता मोठी बँक आहे आणि तिची ओळखीची खूण घोडागाडीच आहे. रूळ कुणी बोधचिन्हात घेतले असते?

पण हे सगळे पैशानं बुडाले. पैसा काय, येतो नि जातो. दुसऱ्याच्या जिवावर वाट आखायची तर लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज यांच्याकडं जावं लागतं. ओहायोचा हा तरुण वकील १८४२ मध्ये ऑरेगनला गेला, तिथून कॅलिफोर्नियात आला आणि १८४५ मध्ये सिनसिनाटीत त्यानं स्थलांतरितांसाठी एक मार्गदर्शक छापलं. त्यात माणशी दोनशे पौंड पीठ, दीडशे पौंड खारं मांस, कॉफी, साखर, मीठ, सगळं मोजूनमापून दिलंय. वाटेचा कंटाळा येईल म्हणून एका वाक्यात एक जवळची वाटही दिली: फोर्ट हॉलच्या अलीकडे नेहमीचा रस्ता सोडा, सॉल्ट लेककडे वळा, तिथून थेट सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे. या वाटेनं त्या वेळी तो गेलेला नव्हता. वाक्य इतकं सफाईदार उतरलं त्याचं कारण तेच. वाक्यात वॉसॅचचे डोंगर नाहीत, मिठाचं वाळवंट नाही.

पुढच्या वर्षी तो ती वाट पहिल्यांदा चालला, पूर्वेकडे येताना, घोड्यावरून, गाडीशिवाय. बरोबर जेम्स क्लायमन नावाचा जुना डोंगरी माणूस होता. दोघांनी एकच वाट पाहिली. हेस्टिंग्ज यांनी लगेच येणाऱ्या तांड्यांना पत्र धाडलं की या, मी नेतो. क्लायमन फोर्ट लॅरामीला पोचला, तिथं त्याला कॅलिफोर्नियाला निघालेला जेम्स रीड भेटला. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात दोघं एकाच तुकडीत होते. क्लायमननं त्याला रात्री शेकोटीशी बसून सांगितलं, चाकोरी सोडू नकोस, नेहमीच्या वाटेनंही जेमतेम पोचशील. रीडकडं हेस्टिंग्जचं पुस्तक होतं. क्लायमनकडं काय होतं? नुसता अनुभव. तोही छापील नाही.

डॉनर आणि रीड कुटुंबांचा तांडा जुलैअखेर फोर्ट ब्रिजरला आला. नवी वाट त्या ठाण्याला वळसा घालून जाऊ लागल्यामुळे जिम ब्रिजर यांच्या दुकानाचा धंदा बसला होता. हेस्टिंग्जची वाट दुकानावरून जात होती. ब्रिजर म्हणाले, वाट उत्तम आहे. पुढं गेलेले एडविन ब्रायंट रीडच्या नावे इशाऱ्याचं पत्र ठेवून गेले होते. ते रीडला मिळालंच नाही.

पुढं झुडपात अडकवलेली हेस्टिंग्ज यांची चिठ्ठी सापडली: मी वर्णन केलेल्या दरीतून येऊ नका, माणूस पाठवा, दुसरी वाट सांगतो. रीड घोडा पिटाळत गेला. हेस्टिंग्ज थोडं अंतर परत आले, एका उंच जागी उभे राहिले, आणि हातानं डोंगरांकडं दाखवलं. तिथून. मग ते आपल्या पुढच्या तांड्याकडं निघून गेले. त्या हातवाऱ्यातले पस्तीस-छत्तीस मैल कापायला या मंडळींना जवळजवळ दोन आठवडे लागले. कुऱ्हाडी घेऊन पुरुष पुढं, झाडं तोडत, शिळा ढकलत, मागून बैल.

वाळवंटाच्या तोंडाशी एक फळी उभी होती. तिच्यावरचा कागद पक्ष्यांनी फाडून टाकला होता. तॅमसेन डॉनर पेशानं शिक्षिका. ती गुडघ्यांवर बसली, मातीतले तुकडे वेचले आणि फळीवर जुळवले. दोन दिवस, दोन रात्री, पाण्याशिवाय जोरात हाका, असा मजकूर निघाला. हेस्टिंग्ज यांच्या हिशेबी ते अंतर चाळीस मैल होतं. ते ऐंशी निघालं. पाच दिवस लागले. वरचा थर मिठाचा, खाली चिखल. चाकं रुतत, उपसावी लागत. बैल तहानेनं पिसाळून अंधारात पळून गेले. रीडच्या एकट्याच्याच गाड्यांपैकी फक्त एक पुढं जाऊ शकली. त्याच खारवट सपाटीच्या एका भागात पुढं वेगाचे विक्रम करायला मोटारी पळवल्या गेल्या, अगदी सरळ रेषेत. हेस्टिंग्ज यांचा अंदाज फक्त शंभर वर्षांनी चुकला.

जवळची वाट नेहमीच्या वाटेपेक्षा सव्वाशे मैल लांब होती. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी तळ्यावर पोचले तेव्हा ऑक्टोबर संपत होता आणि खिंड बर्फानं बंद झाली होती. ८७ जणांपैकी चाळीसच्या आसपास गेले. बर्फात अडकलेल्यांत निम्म्याच्या आसपास मुलं होती. त्या हिवाळ्यात त्यांनी आधी बैल खाल्ले, मग बैलांची कातडी उकळून खाल्ली. नंतर, सोबती मरू लागल्यावर, काय खाल्लं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. हेस्टिंग्ज यांच्या यादीत ते नव्हतं.

रीडची मुलगी व्हर्जिनिया तेरा वर्षांची. सुटल्यावर तिनं चुलतबहिणीला पत्र लिहिलं, त्यात शेवटी सल्ला होता: आडवाट कधी धरू नका, आणि जमेल तेवढं लवकर चला. 'अति घाई संकटात नेई' ही आपल्या घाटातली पाटी आणि हा सल्ला यांचा मेळ बसत नाही, पण पोरीचं वय बघून सोडून देऊ.

लोकांनी धडा घेतला का, असं कुणी विचारेल. घेतला. तीन वर्षांनी सोनं सापडल्याची हाक उठली तेव्हा मार्गदर्शकांची बाजारात रीघ लागली. सेंट लुईसमध्ये जोसेफ वेअर यांनी घरबसल्या एक लिहून काढलं, दुसऱ्यांच्या टिपणांवरून, आणि त्यात एका निर्जळी आडवाटेचं अंतर प्रत्यक्षापेक्षा कमी दिलं. इथवर सगळं परंपरेला धरून झालं. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्याच वर्षी ते स्वतः कॅलिफोर्नियाला निघाले. वाटेत आजारी पडले. सोबत्यांनी त्यांना मागं टाकलं, आणि फोर्ट लॅरामीही न गाठता ते गेले.

हेस्टिंग्ज यांना तसलं काही झालं नाही. डॉनर तांड्याची कहाणी वर्तमानपत्रांत गाजत होती तेव्हा ते कॅलिफोर्नियात वकिली करत होते. १८४९ मध्ये त्या राज्याची घटना लिहायला जी सभा मॉन्टेरेत भरली तिचे ते सभासद होते. यादवी युद्धात त्यांनी दक्षिणेची बाजू घेतली, अ‍ॅरिझोना जिंकायची एक योजना तयार केली आणि ती जेफरसन डेव्हिस यांना, म्हणजे आपल्या उंटवाल्यांनाच, सादर केली. ती कागदावरच राहिली. दक्षिण हरली. घरदार, गुलाम आणि अभिमान गमावलेल्या दक्षिणी लोकांना आता कुठं जावं हे कळेना. १८६७ मध्ये हेस्टिंग्ज यांचं दुसरं पुस्तक निघालं: स्थलांतरितांसाठी मार्गदर्शक, या खेपेला ब्राझीलचं.